खिळ्याची पायरी

जव्हारात पाहुणा आला की राजवाडा बघतो, सनसेट पॉइंटवर फोटो काढतो, भजी खातो आणि परत जातो. वर, गाव बघितलं म्हणून चारचौघांत सांगतो. अरे बाबा, कुठलं गाव बघितलंस तू? जव्हार बघायचं तर पायऱ्यांनी बघावं. रस्ते आहेत ते बाजारापुरते आणि साहेबलोकांपुरते. बाजाराच्या वरच्या आणि खालच्या अंगाला जी घरं डोंगराला धरून बसली आहेत, तिथं गाडी जात नाही, तिथं पायऱ्याच जातात. आणि पायरी बघितली की आळीची ऐपत कळते, घरात शिरावं लागत नाही. जुन्या आळीला घडीव दगड, नव्या कॉलनीला फरशी आणि स्टीलचा कठडा, आणि मजुरांच्या झोपड्यांकडं मुरमात कुदळीनं पाडलेले खाचे.

त्या सगळ्या पायऱ्या सुकीनं एका दिवसात पालथ्या घातल्या. हौस म्हणून नाही. तिचा नवरा यातल्याच कुठल्यातरी पायरीवर मेला होता, आणि ती कुठली हे तिला कुणी सांगत नव्हतं.

सुकी वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. नवरा अनंता. उतारावर भाताचा आणि नाचणीचा तुकडा होता, तो काही वर्षभर पोट भरत नव्हता. म्हणून लावणी उरकली की अनंता आणि पाड्यावरचाच पांड्या, दोघं जव्हारात जोडीनं ओझी वाहायला जायचे. जोडी म्हणजे एक बांबू, दोन खांदे आणि मधे दोरानं टांगलेलं ओझं. चढणीला एक वर राहतो, एक खाली. वरचा वाट बघतो आणि खालचा वजन घेतो. म्हणून जागा रोज बदलायची, आज तू खाली तर उद्या मी. हा जोडीचा कायदा. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले, त्यामुळं भांडण कधी नव्हतं.

श्रावणात अनंताचं प्रेतच घरी आलं. पांड्यानं सांगितलं, दवाखान्यात गेला. कागदावरही तेच होतं. पण आंघोळ घालताना म्हाताऱ्या माणसांनी पाठीवर पायरीच्या कडेचा आडवा वळ बघितला, सदऱ्याला घासलेलं शेवाळ बघितलं. मग पांड्या म्हणाला, "व्हय, पायऱ्यांवरनं पडला. सिमेंटची गोणी होती. पण कुठल्या पायऱ्या ते ध्यानात नाय. माझं डोकंच फिरलं होतं तवा."

आता कुणी म्हणेल, मेला तो मेला, पायरी कुठली का असेना. तसं नसतं ना बाबा. त्यांच्या पाड्यावर रीत आहे. बाहेर मेलेला माणूस आपल्या पायानं घरी येत नाही, त्याला आणावा लागतो. प्रेत आणलं, जाळलं, ते झालं शरीराचं. माणूस तिथंच उभा राहतो, जिथं श्वास सुटला तिथं. घरच्या माणसानं तिथं जायचं, घरचे तांदूळ टाकायचे, नावानं तीन हाका मारायच्या, चिमूटभर माती पळसाच्या पानात बांधायची आणि चालू लागायचं. घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागं वळून बघायचं नाही. बोललं किंवा बघितलं की तो तिथंच थांबला. आणि हे एकदाच होतं. अर्ध्या वाटेत सोडलेला माणूस दुसऱ्या हाकेला येत नाही.

आणायची घाई होती ती नव्या भातामुळं. हळवं भात झोडून कणगीत आलं होतं. नव्याचं पहिलं पान घरातल्या गेलेल्यांना वाढायचं, मग जिवंतांनी खायचं. पण गेलेल्यांच्या ओळीत अनंता बसलेलाच नव्हता. त्याची आई बायडी कणगीपुढं आडवी झाली. "माझा पोर बाहेर पावसात उभा ऱ्हायला आन मी नवं खाऊ? मेले तरी नाय खायची." म्हातारीपुढं कोण बोलणार? सुकीची लहानगी प्रतीक्षा रोज कणगीला नाक लावून नव्या भाताचा वास घ्यायची आणि मग नाचणीचा तुकडा चघळत बसायची. सुकीला ते बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तो घरात हवा होता. चुलीमागं म्हणा, कुडाच्या भिंतीत म्हणा, कुठंही. स्वप्नात तो रोज ओट्याखाली भिजत उभा दिसायचा, ये म्हटलं तरी आत यायचा नाही.

बायडीनंच पांड्याला हुकूम सोडला. "तू त्याचा जोडीदार. तूच दाखव हिला." पांड्यानं मान खाली घालून हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं त्याला.

सकाळच्या जीपनं दोघं जव्हारात उतरली. सुकीच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, फडक्यात बांधलेले तांदूळ होते आणि पळसाची पानं. पांड्याच्या कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता, दोर कापायला लागतो म्हणून नेहमीचाच.

आधी टाकीच्या पायऱ्या. तिथं नळाला पाणी आलेलं, पायऱ्यापायऱ्यांवर हंडे मांडलेले आणि बायकांची तोंडं सुटलेली. सुकीनं विचारलं, "ताई, श्रावणात अठं कोणी हमाल पडला होता का?" एक बाई हंडा न हलवता म्हणाली, "अगं, इथं रोज कुणी ना कुणी पडतं. परवा माझीच कंबर गेली. नगरपरिषदेला सांग जाऊन, आमचं तर कुणी ऐकत नाही." दुसरी म्हणाली, "हमाल का? नाही बाई, आमच्याकडं नाही." पांड्या खालीच उभा होता. "मी म्हटलं नव्हतं, अठं नाय?"

मग जुन्या आळीच्या पायऱ्या. दगड झिजून मधे खोलगट झालेले, दोन्ही बाजूंना जुनी घरं, दारांत तुळशी. एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. त्यांनी चष्मा वर करून सुकीला नीट न्याहाळलं आणि पायऱ्यांचीच कथा लावली. दगड कुठून आणला, गवंडी कुठला, संस्थानच्या वेळी पालखी कशी चढायची. सुकी पदर धरून ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलंच. गृहस्थ एकदम रागावले. "आमच्या आळीत असलं काही होत नाही. नीट चौकशी करून येत जा." जसं काही सुकीनं त्यांच्या घरात मढं आणून टाकलं होतं! तोंड भरून इतिहास सांगणारा माणूस, श्रावणातली गोष्ट म्हटली की गप्प.

शिंप्याच्या पायऱ्या झाल्या. देवळामागच्या झाल्या. तिथं एका बाईनं चहा विचारला, फुटक्या कानाच्या कपात का होईना पण दिला, आणि कळवळून म्हणाली, "मिळेल गं, शोध." सुकीच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. प्रत्येक पायरी चढताना ती खाली बघून चालायची, जणू दगडच सांगणार होता. बांबू आणि ओझं घेऊन याच चढणी तो कशा चढला असेल, हा विचार आला की ती मधेच थांबायची. आणि प्रत्येक ठिकाणी पांड्याचं एकच, "अठं नाय वयनी. अशी नव्हती जागा."

"मग कशी होती?" सुकीनं एकदा चिडून विचारलं.

"सगळ्या सारख्याच दिसतात गं," तो म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

दुपार कलली तेव्हा दोघं वरच्या नव्या कॉलनीत आली. फरशीच्या लख्ख पायऱ्या, कठडा, फाटकावर कुत्र्याची पाटी. शेवटच्या घराच्या खिडकीतून एक बाई ओरडली, "ए, फरशी आत्ताच पुसलीय. खालूनच बोल काय ते."

सुकी खालूनच म्हणाली, "बाई, माझा मालक हमाल होता. श्रावणात ओझं नेताना पडला, तठं मला..."

"आमच्याकडं कपाट-बिपाट काही आणलं नव्हतं कुणी," बाई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय खोटं नाही. सुकीनं कपाटाचं नावही काढलं नव्हतं. तिला तर गोणी म्हणून सांगितलं होतं. ती पांड्याकडं वळली. पांड्या कठड्यावरचा हात काढून उतरायच्या रस्त्याला लागलासुद्धा होता, लांबच्या, गाडीरस्त्याच्या बाजूला.

"तिकडनं कशाला?" सुकी म्हणाली. घराच्या मागच्या अंगानं पायऱ्यांची एक वाट सरळ खाली बाजाराकडं जात होती. शाळेतली पोरं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, सगळी तिथूनच येत-जात होती.

"तिकडं शेवाळ हाय. पडशील."

"पोरं उतरतात की."

"वयनी, नको. ऐक माझं."

सकाळपासून त्यानं एकदाही ऐक म्हटलं नव्हतं. सुकी त्या वाटेनं उतरायला लागली. मागं पांड्या दोन-तीनदा हाका मारून थांबला आणि मग पाय ओढत येऊ लागला.

वर फरशी होती, ती थोड्याच अंतरावर संपली. मग ओबडधोबड दगड, मग मुरमाचे खाचे, बाजूला प्लॅस्टिक अंथरलेल्या झोपड्या. दगड आणि मुरूम जिथं मिळतात तिथली पायरी रुंद होती. तिच्या सांध्यात लिंबाची वाळून काळी पडलेली साल अडकलेली होती आणि तिच्यातून लोखंडी खिळा आत ठोकलेला होता. डोकं गंजलेलं, वर पुसट शेंदूर.

डोंगरातल्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. अपघाताची जागा छळू नये म्हणून ती खिळतात. मेलेला तिथं उभा असतो तो तिथंच ठोकला जातो. त्याला कुणाच्या मागं जाता येत नाही आणि घरीही येता येत नाही. आणि हा खिळा दुसऱ्या कुणी काढून चालत नाही. ज्यानं ठोकला त्यानंच काढायचा, आणि काढला की मेलेला पहिला त्याच्याच मानेवर बसतो. म्हणून ठोकणारे पुष्कळ मिळतात, काढणारा मिळत नाही.

सुकी त्या पायरीच्या वरच बसली.

झोपडीतून एक बाई राखेनं भरलेले हात घेऊन बाहेर आली. फागी तिचं नाव. रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जाणारी, तिच्या दारातच ही पायरी. "त्या खिळ्याला पाय लावू नको बाय," ती म्हणाली. "माणूस मेलाय तठं."

"माझा मालक हाय तो," सुकी म्हणाली.

फागीनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागं वर बघितलं. तिथं पांड्या उभा होता. फागीचा चेहरा पालटला. "आन ह्याला सोबत घेऊन आलीस? अगं, ह्यानंच ठोकला की तो! पुढच्या अमावाशेला आला, लिंबू घेऊन, नारळ घेऊन. मी म्हटलं, बाबा, कशाला खिळतोस, त्याच्या घरची येतील न्यायला. तर म्हणला, त्याला घरचं कोणी नाय."

असं म्हणतात की वीज पडायच्या आधी क्षणभर सगळं शांत होतं. सुकीला तसलं काही झालं नाही. तिला वरच्या कॉलनीत कुत्रं भुंकताना ऐकू येत होतं, कुठंतरी भाजीला फोडणी दिल्याचा वास येत होता. आणि तिच्या डोक्यात एवढंच होतं की हा माणूस सकाळपासून आपल्याला गावभर चढवतोय-उतरवतोय आणि याला जागा माहीत होती.

"पांड्या," ती म्हणाली. आजवर तिनं त्याला दादाशिवाय हाक मारली नव्हती. "बोल."

पांड्या खाली बसला आणि बोलला. लोखंडी कपाट होतं, त्या खिडकीवाल्या बाईचं. पाऊस थांबून थांबून येत होता. त्या दिवशी खालची बाजू पांड्याची होती, पण त्याच्या खांद्याला गळू झालं होतं, म्हणून अनंता म्हणाला, मी घेतो खालची. "अठं माझा पाय सरकला. वयनी, मी बांबू सोडला. खालच्याला सोड म्हणून ओरडायचं असतं, तेवढं तरी ओरडायचं, तेही नाय. आख्खं कपाट त्याच्यावर गेलं." मग तो पळाला होता. जुन्या बाजारापर्यंत पळत गेला. लोकांनी अनंताला दवाखान्यात नेलं तेव्हा हा दवाखान्याच्या दारात उभा सापडला. "मग तो माझ्या मागं लागला. झोपेत खांद्यावर हात टाकतो. जोडी लाव म्हणतो. मला बायको हाय, पोरं हायत. म्हणून खिळला. चुकलं माझं."

"काढ तो," सुकी म्हणाली.

"नाय काढायचा. माझ्या मानेवर बसंल तो."

"बसू दे."

"नाय, वयनी. काय पण सांग, हे नको सांगू." तो अंग चोरून मागं सरकला. पळतोच की काय असं वाटलं, पायऱ्या काय त्याला पाठ होत्या.

तेव्हा फागी मधे बोलली. "लगेच नाय मेला तो. कपाटाखाली होता. मी पाणी पाजलं. पण पाण्याआधी काय इचारलं त्यानं, सांगू? म्हणला, पांड्या कठं हाय? त्याला लागलं का?" हाताची राख झटकत ती पांड्याला म्हणाली, "मी म्हटलं, नाय लागलं, तो गेला गाडी आणायला. खोटं बोलले मी तुझ्यासाठी. मग गेला तो."

पांड्यानं तोंडावर हात घेतला. पायऱ्यांवरून उतरणारी माणसं कडेनं जात होती, एकानं विचारलंही, काय झालं म्हणून. मग पांड्यानं आकडीतून कोयता काढला.

खिळा सहजी निघाला नाही. कोयत्याच्या टोकानं त्यानं मुरूम उकरला, सांधा मोकळा केला, तरी डोकं हाताला येईना. मग त्यानं कोयता टाकला आणि बोटांनी धरून ओढायला लागला. गंजलेल्या कडेनं दोन्ही तळवे कापले. खिळा निघाला तेव्हा त्याचे हात लाल झाले होते आणि तो हुंदके देत होता. फागीनं दोन चिंध्या आणून दिल्या, त्या त्यानं कशाबशा गुंडाळल्या.

सुकी उठली. तांदळाची गाठ सोडली, पायरीवर दाणे टाकले. "अनंता," तिनं हाक मारली, "चल घरी." दुसरी हाक तिनं मोठ्यानं मारली. तिसरीला वरची ती खिडकी उघडली आणि पुन्हा बंद झाली. सुकीनं खिळ्याच्या भोकातली चिमूटभर माती पानात घेतली, उरलेले तांदूळ तीत टाकले, पान बांधून मुठीत धरलं आणि उतरायला लागली. आता तिचं तोंड बंद आणि मान पुढं.

पांड्या मागून येत होता. "वयनी, एक शब्द बोल. शिवी दे. पण बोल." त्याला माहीत होतं की ती बोलू शकत नाही, तरी तो म्हणत होता. आणि सुकीला बोलायचंही नव्हतं. रीतीनं तिच्या तोंडाला कुलूप लावलं होतं हे बरंच झालं, नाहीतर काय काय बाहेर पडलं असतं देव जाणे. हाही मेला असता तर, इथपर्यंत तिच्या मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला सांगायचं.

जीप भरत आली होती. सुकी कडेला बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पदर पसरून हात ठेवला. ड्रायव्हर ओरडला, "ताई, सरका, एक माणूस बसतोय तिथं."

सुकी गप्प. हात तसाच.

"अहो ताई, ऐकू येत नाही का?"

"ती शीट भरलीय," मागून पांड्या म्हणाला.

"कोण आहे तिथं? मला तर कुणी दिसत नाही."

"अनंता," पांड्या म्हणाला. "माझा जोडीदार."

समोरच्या बाईनं सुकीच्या मुठीतलं पळसाचं पान बघितलं आणि आपले गुडघे आवरून घेतले. सगळी डोंगरातलीच माणसं, आणखी काय सांगायचं? ड्रायव्हरनं कानाला हात लावला आणि जीप सुरू केली. पुढं कुणीतरी पांड्याला अंग चोरून थोडी जागा केली होती, पण तो आत आला नाही. तो मागच्या पायरीवर चढला आणि चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी वरचा गज धरून उभा राहिला.

गाव मागं पडलं. घाटाची वळणं सुरू झाली. सुकीचा हात रिकाम्या जागेवर होता आणि तिला खरोखर वाटत होतं की तिथं कुणीतरी बसलंय. ती मनातल्या मनात त्याला घरातलं सांगत होती. भात बरं झालंय. आई नवं खात नाही, तू आलास की खाईल. पोरगी उंच झालीय. आता थोडं राहिलंय, बस.

एका वळणावर जीप खड्ड्यात आदळली आणि मागं ओरडा झाला. "पडला! अरे पडला! थांबव, थांबव!"

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. माणसं उड्या टाकून उतरली, मागं पळाली. जीपमध्ये सुकी एकटी राहिली, समोर बघत. मागून कुणीतरी म्हणालं, हात सुटला त्याचा, रक्तानं निसटला. कुणी म्हणालं, डोकं बघा डोकं. मग कुणीतरी ओरडलं, "पाणी आहे का कुणाकडं? पाणी मागतोय."

कुणाकडंच नव्हतं. बाटली सुकीच्या पिशवीत होती.

ती हलली नाही. तिनं पान इतकं घट्ट धरलं होतं की नखं तळव्यात रुतली. मागं बघितलं तर संपलं. एक शब्द काढला तर संपलं. एवढ्या पायऱ्या चढून, एवढी दारं ठोठावून, खिळा उपटून आणलेला माणूस या वळणावर कायमचा राहील. ना पायरीवर, ना घरी. म्हातारी नवं खाणार नाही. आणि कुणासाठी? ज्यानं त्याला सोडलं त्याच्यासाठी? तो पळाला तेव्हा कुणी पाणी पाजलं होतं अनंताला? फागीनं, जिचा काही संबंध नव्हता.

"पाणी," असा बारीक आवाज मागून आला. पांड्याचाच होता.

सुकीनं त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. अनंतानं काय केलं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो मरताना सांगून गेला होता. आणि म्हणूनच तिला त्याचा भयंकर राग आला. एवढा भला माणूस कशाला जन्माला यावा, बायकोच्या जिवाला घोर लावायला?

तिनं मान वळवली. वळवली ती पुरती वळवली, अर्धी नाही. आणि ओरडली, "पांड्या कठं हाय? त्याला लागलं का?"

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. मूठ सैल झाली, पान सुटलं, तांदूळ आणि माती जीपच्या तळाशी पडली. ती बाटली घेऊन पळाली.

पांड्या रस्त्याच्या कडेला पडला होता, कानातून रक्त येत होतं. चौघांनी उचलून त्याला जीपमध्ये आणला. आडवं घालायला जागा नव्हती, म्हणून जी सीट राखून ठेवली होती तिच्यावरच त्याला घेतला आणि डोकं सुकीच्या मांडीवर दिलं. ड्रायव्हरनं जीप उलटी फिरवली, परत जव्हारकडं. माणसांच्या पायांखाली तांदूळ करकरत होते.

पांड्यानं डोळे उघडले. "वयनी, बोललीस तू," तो पुटपुटला. "मग तो?"

सुकी रडत होती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "उतरला तो," ती म्हणाली. "तुला जागा करून दिली. नेहमीसारखी. आता पी गुमान." तिनं बाटली त्याच्या तोंडाला लावली. थोडं पाणी आत गेलं, बाकीचं हनुवटीवरून खाली आलं.

पाड्यावर बायडी येणाऱ्या पोराच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. अंधारात वाटेवरचं काही दिसेनासं झालं तरी ती आत गेली नाही.